कोरी तलवार

९ जानेवारी

यांना दातांचं सामान पुरवणाऱ्या कंपनीने नव्या वर्षाची डायरी पाठवली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक दाढ हसते आहे. हे म्हणाले, "मी काय लिहिणार हिच्यात? आज कवळी केली, उद्याही कवळी करणार. तू लिही. तुझ्याकडे तरी बातमी आहे."

बातमी आहे खरी. आमच्या संग्रहालयाचा नवा संचालक ठरला, आणि तो आमचा धाकटा!

धाकटा म्हणजे नात्याचा कोणी नव्हे. बऱ्याच वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून माझ्या खोलीत आला होता. मी जुन्या धातूच्या वस्तू साफ करते, जपते. सगळं संग्रहालय मला गंजवाल्या ताई म्हणतं. तलवारीवरचा कोणता गंज काढायचा आणि कोणत्याला बोट लावायचं नाही, एवढं शिकवता शिकवता माझा घसा सुकला होता. भुसभुशीत नारिंगी गंज तो शत्रू. त्याच्याखालचा घट्ट, काळपट थर मात्र जपायचा. मी त्याला साय म्हणते. दुधावर धरते तशी शेकडो वर्षांत लोखंडावर धरलेली साय. ती एकदा गेली की गेली.

धाकट्याला तेव्हा कापसाचा बोळा धड धरता येत नव्हता. आज सगळ्यांसमोर म्हणाला, "मी इथे उभा आहे तो ताईंमुळे." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. लोकांपुढे आता त्याला साहेब म्हणायचं. जिभेला वळण लावावं लागेल.

१८ जानेवारी

रविवार. धाकटा जेवायला आला. शिकाऊ असल्यापासूनची रीत आहे. येताना फळं आणतो, बेल दोनदा वाजवतो आणि "ताई आहेत ना?" असं दारातूनच विचारतो. मी घरी नाही तर कुठे असणार?

जेवताना त्याने आमचा जुना खेळ काढला. "ताई, काळयंत्र मिळालं तर काय काय आणणार? तुमचा संग्रह कुठवर आला?"

हा खेळ मी फक्त त्याच्यापाशी खेळले आहे. यांनाही अर्धाच ठाऊक. माझ्या मनात एक दालन आहे. त्यात राजेमहाराजांचं काही नाही. ज्या तलवारींनी अमका पडला आणि तमका तरला, त्या इतरांनी न्याव्यात. मला प्रत्येक शस्त्र हवं ते ज्या दिवशी तयार झालं त्या दिवसाचं. कांस्याचा पहिला खंजीर, हिरवा पडण्याआधीचा, सोन्यासारखा पिवळा. काळ्या काचेच्या दगडाचं पातं, कारागिराने शेवटची कपची उडवली त्या क्षणाचं. एखादी साधी गोफण, जिच्यातून अजून एकही दगड सुटलेला नाही. कारागिराने हात पुसले, वस्तू बाजूला ठेवली, की मी हळूच उचलणार. त्यांना रक्त लागायच्या आधी. तेवढ्याच वेळात शस्त्र निर्दोष असतं, असं मला वाटतं.

धाकटा खाणं थांबवून ऐकत होता. असं ऐकणारं माणूस मिळायला नशीब लागतं. हे मात्र म्हणाले, "म्हणजे कारागिराच्या घरी चोरी करणार. त्याचे पैसे कोण देणार?" यांच्यापुढे स्वप्न ठेवा, हे त्यात कुठे पोकळी आहे ते बघणार.

२ फेब्रुवारी

साहेबांनी सभा घेतली. नवं दालन उघडायचं आहे. नाव, 'काळापलीकडून'. म्युझियमला कोणी फिरकत नाही कारण इथे सगळं मेलेलं दिसतं, असं त्याचं म्हणणं. या दालनात शस्त्रं अशी दिसतील की जणू आपण मागे जाऊन ती नुकतीच उचलून आणली आहेत. कोरी, लखलखीत.

"ही कल्पना माझ्या डोक्यात फार वर्षांपासून आहे," असं तो म्हणाला.

मला क्षणभर कसंसं झालं. मग कळलं, बिचाऱ्याची अडचण. सगळ्यांपुढे माझं नाव घेतलं असतं तर आल्या आल्या आपल्या माणसांना पुढे करतो म्हणून ओरड झाली असती. मलाच त्रास झाला असता. त्याने माझाच विचार केला.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "कल्पना त्याची?"

म्हटलं, "आमच्यात काय त्याचं आणि माझं!"

"तुझं तुझं असतं आणि त्याचं त्याचं असतं," हे म्हणाले आणि पुढ्यातला जबड्याचा साचा घासत बसले.

१० फेब्रुवारी

आज मी ओरडले. खोलीच्या बाहेर ऐकू गेलं असणार.

दालनातल्या बहुतेक वस्तू बाहेरच्या कारखान्यातून नव्या करून येणार आहेत. नकला. त्याला माझी हरकत नाही. पण मधल्या कपाटात एक खरी हवी, असं साहेब म्हणतात. आणि त्यासाठी लांबडी हवी. भांडारात तळाच्या खणात एक सरळ, लांब पात्याची तलवार आहे. कुणी केली, कुणाची होती, काही माहीत नाही. मूठ गेलेली, नुसतं पातं आणि मुठीत जाणारा दांडा उरलेला. तिला मी लांबडी म्हणते. तिची साय अशी सुरेख, एकसंध धरली आहे की नव्या माणसाला साय म्हणजे काय हे दाखवायला मी तिलाच काढते. धाकट्यालाही तिच्यावरच शिकवलं.

तर ती घासून कोरी करायची!

"माझ्या खोलीत असं बोलायचं नाही," मी म्हटलं. तो साहेब आहे हे विसरलेच. तो चिडला नाही. "बरं ताई," म्हणाला आणि गेला. लाज वाटली मला.

१५ फेब्रुवारी

रविवार. आला. फळं, दोनदा बेल. जेवण होईपर्यंत तलवारीचा विषय नाही. हे उठून हात धुवायला गेले तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, एक विचारू? रागावू नका. तुम्ही सगळा जन्म प्रेतं जपलीत. एकीला तरी जिवंत बघावंसं वाटलं नाही?"

मी ताटं गोळा करायला लागले.

"काळयंत्र कोणी देणार नाहीये आपल्याला. पण लांबडीच्या बाबतीत तुमच्या हातातच आहे ना ते? ते काम जगात फक्त तुम्ही करू शकता. दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही."

खोटं कशाला लिहू, माझा जीव हलला. वाटलंय ना! प्रत्येक पात्याशी वाटलंय. या सायीखाली काय असेल, त्या कारागिराने शेवटचं काय पाहिलं असेल, हे तीस वर्षं मनात दाबत आले आहे. माझी ही दुखरी नस त्याला बरोबर ठाऊक आहे. माझी आई असती तर तिलाही ती ठाऊक नसती.

१९ फेब्रुवारी

टोकाशी नखाएवढी जागा उघडून पाहिली. फक्त बघण्यासाठी.

आत लाटा आहेत. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, ठोकून एकजीव केल्यावर उमटतात तशा, पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा. इतकं नाजूक काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. भिंगावरून डोळा काढवेना.

साहेब आले तेव्हा बाकी सगळे चहाला गेले होते. हल्ली तो नेमका तेव्हाच येतो. माझ्या कामात गर्दी नको म्हणून असेल. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "करायचं ना, ताई?"

मी हो म्हटलं.

२० फेब्रुवारी

सकाळी यांच्याशी वाजलं. हे म्हणतात, "डॉक्टरची चिठ्ठी आल्याशिवाय मी कुणाची एक दाढ करत नाही. उद्या तोंडात बसली नाही तर मी कुणाकडे बघू? त्याच्याकडून लिहून घे."

म्हटलं, "पोटच्या पोराकडून कोणी लिहून घेतं?"

"तो आपल्या पोटचा नाही," हे म्हणाले. आम्हाला मूल नाही. हे असं कधी बोलत नाहीत. बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं आणि माझा डबा त्यांनी भरून दिला.

तरी यांचं ऐकून विषय काढलाच. धाकटा हसला. "ताई, तुमच्या-माझ्यात कागद? बरं, हवा असेल तर देतो." पण त्याचा चेहरा असा पडला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नको म्हटलं. पुन्हा त्यानेही काढलं नाही.

२६ फेब्रुवारी

काम टोकाकडून मुठीकडे सरकतंय. खांदे भरून आलेत. तरी सकाळ कधी होते असं होतं. या वयात!

आज दांड्याजवळ एका ठिकाणी हात थांबला. गंजात बारीक उभ्या-आडव्या रेषा. कापडाची वीण वाटली. कधीकधी लोखंडाला गुंडाळलेलं कापड कुजून जातं, पण गंज त्याची घडी आपल्या अंगावर धरून ठेवतो. तसं असेल तर लांबडीला शेवटचं कोणीतरी कापडात गुंडाळून ठेवलं होतं. कुणी? का?

साहेबांना बोलावलं. त्याने भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "गंज कधीकधी असाच फुटतो. जिथेतिथे वीण दिसायला लागली की डोळ्याला विश्रांती द्यावी, हे तुम्हीच शिकवलंत."

शिकवलंय मी.

"आणि ताई, महिनाअखेरीपर्यंत नाही, पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हायलाच हवं. पाहुणे ठरलेत."

फोटो काढले आणि पुढे गेले. त्या जागेवर सुरी टेकवताना हात जरा जड झाला होता. थकवा असेल.

४ मार्च

झाली.

खिडकीखाली धरली आणि सगळी खोली तिच्यात आली. माझा चेहराही, लाटांनी मोडलेला. रंग रुपेरी, किंचित निळसर. कारागिराने हात पुसले आणि मी उचलली. रक्त लागायच्या आधी. मी रडले. लाज कसली त्यात. धाकट्याने ती आडवी धरून पाहिली. मग म्हणाला, "आता लोक येतील, ताई."

मला वाटलं होतं काहीतरी वेगळं म्हणेल.

१४ मार्च

उद्घाटन. मुंगीला शिरायला जागा नव्हती. साहेब छान बोलले. कांस्याचा पिवळा खंजीर, दगड न सुटलेली गोफण, निर्दोष शस्त्र, सगळं त्यात होतं. टाळ्या थांबेनात. मी मागे खांबापाशी उभी होते. पहिल्या रांगेत खुर्ची होती म्हणे माझ्यासाठी, पण कोणी नेलं नाही. गडबडीत राहून गेलं असणार.

भाषणं संपल्यावर लांबडीच्या कपाटापाशी गेले. दोन्ही बाजूंना कारखान्यातल्या नकला, मध्ये ती. एक गृहस्थ आपल्या मुलीला समजावत होते, "या सगळ्या हल्ली बनवलेल्या. खरी असती तर गंजलेली नसती का?"

मुलीने विचारलं, "मग खरी कुठे आहे?"

"असेल आत कुठेतरी. खऱ्या अशा बाहेर ठेवत नाहीत."

मी सांगणार होते, ही खरी आहे. पण मी तरी कशावरून सांगणार होते? तिच्या अंगावर आता दाखवण्यासारखं उरलंय काय? तिचं वय मीच तर काढून टाकलं.  यांनी विचारलं, "कसं झालं?" म्हटलं, गर्दी होती.

२० मार्च

आजचं लिहायला हात उचलत नाही.

विद्यापीठातल्या एक अभ्यासक बाई आल्या. जुन्या विणकामावर त्यांचं सगळं आयुष्य गेलंय. गुडघे दुखतात त्यांचे, काठी घेऊन जिना चढून माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "आज शेवटी मुहूर्त लागला. तळाच्या खणातली ती लांब तलवार दाखवता?"

मी त्यांना दालनात नेलं. कपाटासमोर उभ्या राहिल्या. "ही नाही हो," म्हणाल्या. "जुना फोटो मोठा करून पाहिला तेव्हा दांड्यावर कापडाची वीण दिसली, ती." मी म्हटलं, हीच ती.

त्या बाकावर बसल्या. काठी खाली पडली, ती उचलायचंही भान राहिलं नाही त्यांना. एवढ्या जुन्या कापडाची वीण या भागात दुसरीकडे कुठेही टिकलेली नाही म्हणे. धागा कशाचा होता हे त्या गंजाच्या कणांतून कळलं असतं. फोटोतून ते कळत नाही.

"मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "जानेवारीत तुमच्या संचालकांशी स्वतः बोलले फोनवर. म्हटलं, मुठीकडे कापडाची वीण आहे, तिथे हात लावू देऊ नका, माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं की मी येतेच. ते म्हणाले, काळजी करू नका, आमच्या ताई आहेत."

मी धावत त्याच्या खोलीकडे गेले. बाहेर बसवलं मला. शिपायाने पाणी दिलं. मग आत बोलावलं.

"ताई, दिवसाला शंभर फोन येतात," तो म्हणाला. "माझ्या लक्षातून गेलं असेल. तुम्हाला माझ्यावर संशय आहे का?"

मी म्हटलं, नाही.

विसरला असेल. माणूस विसरतो. पण त्या दिवशी भिंगातून इतका वेळ तो काय बघत होता?

२९ मार्च

अभ्यासक बाईंनी वर तक्रार केली. चौकशी समिती नेमली आहे. मला त्या बाईंचा राग येत नाही. त्यांच्या जागी मी असते तर काठी फेकून मारली असती.

आज रविवार. धाकटा आला नाही. मागच्या रविवारीही नाही. मी जेवण तिघांचं केलं होतं. हे दुप्पट जेवले आणि दुपारभर पोट धरून बसले.

७ एप्रिल

समिती. लांब टेबलापलीकडे तिघे. साहेब माझ्या बाजूलाच बसले होते, माझ्यासाठी पाण्याचा पेला त्यानेच भरला.

त्याला आधी बोलायला सांगितलं. काय बोलला! एक वाकडा शब्द नाही. दर वाक्याला ताई. "ताई माझ्या गुरू आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवावं असं मला कधी वाटलंच नाही, ही चूक माझी. ती मी कबूल करतो." इथे त्याचा आवाज भरून आला. "पण ताईंना अनेक वर्षांपासून एक ध्यास आहे. काळयंत्र मिळालं तर प्रत्येक शस्त्र घडलं त्याच दिवशी उचलून आणायचं. रक्त लागायच्या आधी. त्या नेहमी बोलायच्या. सायीखाली काय आहे ते एकदा तरी बघायचंय म्हणायच्या. मी ते स्वप्न म्हणून ऐकत आलो. त्या खरंच करतील असं वाटलं नाही."

 तो माझं मन त्या टेबलावर मांडत होता, आणि माझ्यापेक्षा छान मांडत होता. त्यातला एकही शब्द त्याने रचलेला नव्हता. सगळे माझे.

अध्यक्षांनी मला विचारलं, "असं तुम्ही म्हणाला होतात?"

"हो."

"कुठे? कामाच्या ठिकाणी?"

"नाही. माझ्या घरी. जेवताना."

त्यावर धाकट्याने मान खाली घातली. तेवढंच.

"तलवार साफ करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"साहेबांनी."

"ताई..." तो हळू म्हणाला. आजाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. आणि त्या तिघांनीही मग तसंच बघितलं. तेव्हा मला कळलं की तो फोन विसरला नव्हता. वीण दिसली तेव्हा ती वीणच आहे हे त्या खोलीत त्याला एकट्याला ठाऊक होतं, आणि माझी सुरी त्याने तिच्यावरून जाऊ दिली. त्याचं दालन थांबलं असतं ना. आणि कधी अंगाशी आलंच, तर ढकलायला ताई होतीच.

सुरी माझ्या हातात होती हेही खरंच. ते मी समितीला विचारण्याआधीच सांगितलं. हात थांबला होता, तरी मी पुढे गेले, कारण मला बघायचं होतं. त्याची शिक्षा द्या म्हटलं. ती मिळाली. माझी खोली काढून घेतली आहे. निवृत्तीपर्यंत घरी बसायचं किंवा तिकीट खिडकीवर. दालन मात्र चालू राहणार, लोक येताहेत म्हणून.

घरी आल्यावर हे म्हणाले नाहीत, मी सांगत होतो. नुसते शेजारी बसले. त्यामुळे जास्त रडू आलं. खोली गेल्याचं दुःख मी गिळीन. पण तो खेळ मी पुन्हा कुणाशी खेळणार? माझं दालन होतं मनात, त्याची दारं त्याच्यासाठी उघडली, आणि तो तिथून माझ्याविरुद्धचे पुरावे उचलून घेऊन गेला. आता डोळे मिटले तरी तिथे जावंसं वाटत नाही.

१२ एप्रिल

रविवार. मी भाजी चिरत होते. बेल वाजली. दोनदा.

हे दार उघडायला गेले. मला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं. पिशवीची सळसळ. फळं असणार.

"ताई आहेत ना?" तोच आवाज. जसं काही झालंच नाही. किंवा झालं ते कामाचं, आणि हे घरचं. त्याला खरंच तसं वाटत असेल. मी दोन घास वाढून, रागवून, मग हसून मोकळी होईन, अशी त्याची खात्री असेल. इतकी वर्षं तसंच तर झालं.

यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. यांना खोटं बोलता येत नाही. गिऱ्हाइकाची कवळी वाकडी झाली तर हे स्वतःहून सांगतात.

मी सुरी खाली ठेवली, दारापर्यंत आले, त्याला मी दिसेन अशी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "त्याला सांगा, ताई घरी नाहीत."

यांनी त्याच्याकडे तोंड केलं. "ताई घरी नाहीत," हे म्हणाले आणि दार लावलं.